आजोबांनी गळ टाकू नये

दिवाळीच्या सुटीत पुण्याची नातवंडं अमरावतीला आली, की तिसऱ्या दिवशी त्यांचे मोबाइल लपवून ठेवायची वेळ येते. दोन वर्षांपूर्वी मी त्यावर एक उपाय काढला. पूर्णेवर मासे धरायला न्यायचं. नातू सात वर्षांचा, नात दहाची. बाजारातून तीन गळ आणले, एक त्याचा, एक तिचा आणि एक माझा. घोळ या तिसऱ्या गळानं केला.

काठावर बसून अर्धा तास झाला असेल. माझं पाण्यावर तरंगणारं भेंड एकदा थरथरलं, दुसऱ्यांदा थरथरलं, आणि मी सगळं विसरून त्या भेंडाकडं डोळे लावून बसलो. तेवढ्यात बाजूनं बारीक आवाज आला, "आबा." बघतो तर नात चार हातांवर गुडघ्यापर्यंत गाळात रुतलेली. ती ओरडली नव्हती, कारण मासे पळतात म्हणून मीच तिला गप्प बसायला बजावलं होतं. दोन्ही हात धरून ओढली तेव्हा निघाली; एक चप्पल पूर्णामाईनं ठेवून घेतली. खोल पाणी तिथून जेमतेम दीड हातावर होतं. घरी आम्ही तिघांनी चपलेबद्दल खोटं सांगितलं, आणि ते आजीला दोन मिनिटांत कळलं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. सोबत लेकरं असतील तर आजोबांनी गळ टाकायचा नाही. गळ टाकणाऱ्याची नजर भेंडावर असते आणि ती तिथून हलत नाही; ज्यानं कधी गळ टाकलाय त्याला हे ठाऊक आहे. दोन लेकरांमागं एक मोठं माणूस, तेही रिकाम्या हातांचं. तीन लेकरं असतील तर दुसरा मोठा माणूस शोधा, नाहीतर एकाची पाळी उद्यावर ढकला.

आता जागेचं. पूर्णा सातपुड्यातून, बैतूल जिल्ह्यातून येते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा पार करून चांगदेवला तापीला मिळते. मधला सगळा पट्टा काळ्या गाळमातीचा. त्यामुळं तिचे काठ उभे आणि चिरलेले असतात, आणि पावसाळा सरला की खालून पोखरलेले. वरून घट्ट वाटणारी कड लेकराच्या वजनानंसुद्धा ढासळते. उंच कडेवर पाय सोडून बसणं सिनेमात ठीक आहे. गाई-बैल पाण्याला उतरतात ती उतरण शोधा. जनावर चार वेळा पाय टाकून पाहिल्याशिवाय वाट पाडत नाही. म्हशी डुंबतात ती जागा मात्र नको. मी त्या दिवशी नेमकी तीच निवडली होती.

काठाहून मोठा धोका पात्रात असतो, आणि तो माणसानं करून ठेवलेला आहे. रेतीउपशाचे खड्डे. घोटाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल पुरुषभर पाण्यात पडतं. वरून काहीच कळत नाही, उलट तिथं पाणी जास्त संथ आणि नितळ दिसतं. याला माझ्या माहितीत एकच खात्रीचा इलाज आहे. मे महिन्यात, नदी आटून डबकी उरलेली असतात तेव्हा, एकदा सकाळी एकट्यानं जाऊन पात्र पायी फिरून घ्यायचं. कुठं खड्डा, कुठं खडक, कुठं सपाट गोटे, हे डोळ्यांनी बघून ठेवायचं आणि काठावरच्या झाडांची खूण धरायची. नोव्हेंबरात तिथंच बसायचं. तरीही एका पावसाळ्यात रेती इकडची तिकडं होते, म्हणून बसण्याआधी काठीनं तळ चाचपायचा.

हेही जमत नसेल तर भोयांना विचारा. पूर्णेच्या, पेढीच्या, वर्धेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारी भोई-ढिवरांची घरं आहेत. सकाळी जाळं वाळवत बसलेला एखादा माणूस दिसतोच. आधी राम राम घालायचा, मग लेकरं पुढं करायची.

"राम राम भाऊ. लेकरं संग हायेत, बसाले चांगली जागा कोनती?"

"त्या बाभयीखाली डोह हाये, तिथं आमी बी उतरत नाही. इकडं बसा, गोट्याईवर."

ही दोन वाक्यं कुठल्याही नकाशात सापडणार नाहीत. त्यांच्या जाळ्याच्या आसपास गळ टाकू नका. तंगूस जाळ्यात गुंतला तर त्यांचा अख्खा दिवस तो सोडवण्यात जातो.

कुठं जायचं नाही, हे आधीच ठरवा. मेळघाटातल्या सिपना, खंडू, खापरा या नद्या बघायला सुंदर आहेत, पण तो 1974 पासूनचा व्याघ्रप्रकल्प आहे. तिथं गळ टाकणं हा गुन्हा ठरतो. अकोल्याकडं काटेपूर्णा धरणाभोवती अभयारण्य आहे, तिथंही वनखात्याला विचारल्याशिवाय नको. धरणं आणि गावतलाव बहुतेक मच्छीमार सोसायट्यांना ठेक्यानं दिलेले असतात. पाण्यात बीज त्यांनी सोडलेलं असतं, तेव्हा मासाही त्यांचा. सोसायटीच्या माणसाला विचारलं तर लेकरांसाठी कोणी सहसा नाही म्हणत नाही. शंका असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. अकोला शहरातली मोर्णा सोडून द्या. जानेवारी 2018 मध्ये अकोलेकरांनी हजारोंच्या संख्येनं उतरून तिच्यातली जलकुंभी काढली, 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेखही झाला. पण शहराचं सांडपाणी ज्या पाण्यात येतं तिथला मासा लेकराच्या ताटात वाढायचा नसतो.

धरणाच्या खालच्या अंगाला बसू नका. मोर्शीजवळच्या अप्पर वर्ध्याला 13 दरवाजे आहेत. ते उघडले की खाली आभाळ निरभ्र असतानाही वर्धा चढते. पूर्णेवरच्या नेरधामण्यासारख्या बॅरेजचंही तेच. भोंगा ऐकू आला, किंवा पाणी एकाएकी गढूळ होऊन त्यात काडीकचरा वाहताना दिसला, की गळ, डबा, चपला जिथल्या तिथं टाकून लेकरांना घेऊन वर यायचं. सामान परत मिळतं.

आणि डोंग्यात बसायचं नाही. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धेत नाव उलटली आणि एकाच कुटुंबातल्या अकरा जणांचा जीव गेला. आजोबा, फक्त त्या काठापर्यंत, असं नातू शंभर वेळा म्हणेल. शंभर वेळा नाही म्हणा.

काळ दिवाळीचाच उत्तम. पाणी निवळलेलं, ऊन सोसणारं. जानेवारी-फेब्रुवारीही चांगला. पावसाळ्यात मुळीच नको, त्याला पूर हे एक कारण आहे आणि दुसरं म्हणजे रोहू, कटला, मृगळ तेव्हा वाहत्या नव्या पाण्यात अंडी घालतात. पहिल्या पुरात चढणीचे मासे टोपल्यांनी धरायचा आपल्याकडं जुना शौक आहे. तो शौक मीही केलाय. आता पोटात अंडी असलेली मासळी धरून वर नदीत मासे उरले नाहीत म्हणून रडण्यात मला अर्थ दिसत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडत नाहीत ते उगाच नाही. मे महिन्यात न्यायचंच असेल तर उजाडताना जा आणि साडेआठला घरी या.

सामानासाठी ऑनलाइन काही मागवू नका. रीळ, चकचकीत रॉड, प्लास्टिकचे मासे हे सगळं सात वर्षांच्या हातात गुंता होतं. लेकराच्या उंचीच्या दीडपट वेळूची काठी घ्या आणि काठीच्या लांबीएवढाच तंगूस बांधा. तंगूस काठीएवढा असला की काठी उभी धरताच गळ आपसूक हाताशी येतो. लांब असला की तो कोणाच्या तरी कानाशी जातो. गळ 10 किंवा 12 नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो, हे दुकानात विसरायला होतं. घरी आणल्यावर गळाच्या टोकाजवळची उलटी कुसळ पकडीनं दाबून सपाट करा. मासा थोडा जास्त सुटेल, पण बोटात गेलेला गळ आल्या वाटेनं बाहेर येईल. वजनासाठी शिशाची गोळी लावतात. लेकरं ती दातांनी दाबतात आणि शिसं विषारी असतं, म्हणून मी सायकलच्या दुकानातला बारका नट बांधतो.

भेंड मात्र विकत घेऊ नका, ती आदल्या संध्याकाळची करमणूक आहे. ज्वारीचा वाळलेला धांडा घ्यायचा. सोयाबीनच्या राज्यात तोही आता शोधावा लागतो. आमच्या गल्लीत गाय पाळणाऱ्याकडं कडब्याची एक पेंढी मिळाली. धांड्याची दोन पेरं कापायची, नखानं साल सोलायची. आतून पांढरं, हलकं, बोटानं दाबलं तर दबणारं भेंड निघतं. याच भेंडाच्या आणि सालीच्या काड्यांच्या आम्ही बैलबंड्या करत होतो. बोटभर तुकडा घेऊन सुईनं मधोमध आरपार तंगूस ओवायचा, वर एक काडी खोचायची म्हणजे भेंड जागचं सरकत नाही. पाणी उथळ असेल तर काडी काढून भेंड खाली घ्यायचं, खोल असेल तर वर. नातवानं त्याच्या भेंडाला कुंकवानं लाल केलं. पाण्यात पाच मिनिटांत ते पांढरं झालं, पण तोवर तो गळ त्याचा झाला होता. भेंड पाणी पिऊन दुपारपर्यंत जड होतं, म्हणून खिशात चार-पाच तुकडे जास्तीचे ठेवा.

आमिषाला गांडूळ सगळ्यात चांगलं. मोरीचं पाणी जातं तिथं, केळीच्या आळ्यात, जुन्या शेणखताखाली मिळतं. करवंटीत ओली माती घालून त्यात ठेवायचं. नातीनं ते बघून तोंड फिरवलं. तिला मी आग्रह केला नाही, कणीक दिली. कणकेत चिमूटभर बेसन घालायचं आणि कापसाचा पुंजका तोडून तोडून मळायचा; मग गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही, गळाला धरून राहते. वऱ्हाडात आणखी कशाचा असेल, पण कापसाचा तोटा नाही. त्या दिवशी कणकेच्या गळालाच जास्त मासे लागले, आणि त्याचं श्रेय नातीनं आजवर सोडलेलं नाही.

गळ टाकण्याआधी दोघांनाही एक सवय लावा. मागं वळून बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "मागं कोणी नाही." एकापासून दुसरं निदान तीन काठ्या लांब बसवायचं. डोक्याला टोपी, डोळ्याला साधा गॉगल. तो उन्हापेक्षा उडत्या गळासाठी. धार आणि संथ पाणी जिथं एकमेकांना लागतं त्या रेषेवर भेंड सोडायचं. मग बारकी मासळी येऊन टोचायला लागते, भेंड थरथरतं, आणि पोट्टं लगेच काठी उपसतं. दहा वेळा उपसेल, उपसू द्या.

"आबा, मासा काहून येत नाही?" दोन दिवसांत पुण्याच्या नातवाची भाषा एवढी बदलली होती.

"थांब ना बाप्पा, तो काय तुया बापाचा नोकर हाये?"

भेंड तिरपं होऊन सरळ खाली बुडालं की मनगटानं हलका झटका द्यायचा. एवढंच शिकवायचं असतं, बाकीचं ते आपण शिकतात. दीड तासाच्या वर बसवू नका. भेंड हललं नाही तर खंड्या दाखवा. तो तारेवरून सूर मारतो आणि चोचीत चांदीचा तुकडा घेऊन निघतो. समोरच्या काठावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला असतो. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालायला लागली तर तिची अंडी जवळपास आहेत असं समजून जागा बदला.

मासा लागला की काठी लेकराच्या हातात राहू द्या, मासा तुम्ही धरा. पहिलाच मासा शिंगटी निघण्याचा संभव मोठा. गुळगुळीत अंग, मांजरासारख्या मिशा, आणि पाठीवर एक, दोन बाजूंना दोन असे ताठ काटे. हे काटे हातात घुसले की ठणका दिवसभर जात नाही. ओलं फडकं हातावर घ्यायचं, मासा जमिनीवर टेकवायचा, मागून अंगठा आणि बोटं दोन्ही बाजूंच्या काट्यांच्या मागं सरकवायची, म्हणजे काटे पुढं अडकून राहतात आणि तळहाताला लागत नाहीत. मग गळाची दांडी धरून आल्या वाटेनं उलटी ढकलायची. नातू हे सगळं इतक्या जवळून बघत होता की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. मासा कुरकुरला. शिंगटी पाण्याबाहेर काढली की काटे हलवून तसा आवाज करते. "तो बोलला!" नातू दोन पावलं मागं सरला, आणि मग मासा सोडून द्यायचा ठराव त्यानं एकट्यानं मंजूर केला.

सोडताना हात ओले असावेत, कोरड्या हातानं माशाच्या अंगावरची चिकट साय निघून जाते. पाण्यात फेकू नका. हातावर धरून ठेवा, तो स्वतःहून जातो. वीतभराच्या आतलं सोडायचं असा आमच्यात ठराव आहे. चिलापीला तो लागू नाही, ती बाहेरून आणलेली जात आहे आणि पुरून उरली आहे. पावसाळ्यानंतर काठाशी लालसर पिल्लांचा थवा एकाच जागी उकळल्यासारखा दिसला तर तिथं गळ टाकू नका. ती मरळीची पिल्लं, आणि खाली आई-बाप राखण करत असतात. उलटे तरंगणारे मासे कुठं दिसले तर ती जागाच सोडा. स्फोटकानं किंवा विष घालून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी तसे प्रकार चालतात. असला मासा उचलायचा नाही, हात लावायचा नाही, आणि लेकरांना खरं कारण सांगायचं.

दोरी आणि रिकामा पाच लिटरचा डबा सोबत ठेवा. डब्याचं झाकण घट्ट लावून कडीला दोरी बांधली की बुडत्याकडं फेकायला तो उत्तम. पण डबा खाद्यतेलाचा हवा, फवारणीच्या औषधाचा नको. आपल्याकडं शेतात पहिला हाताशी येतो तो नेमका तोच. आणि बुडत्यामागं उडी मारू नका. साठी ओलांडलेला माणूस कपड्यांसकट पाण्यात पडला की एकाचे दोन होतात. काठी द्या, डबा फेका, आरडाओरडा करून भोयाला बोलवा, 108 ला फोन लावा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून गरगरा फिरवणं, पोट दाबणं हे गावोगाव चालतं आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीवर दाब. हे वाचून येत नाही. एखाद्या डॉक्टरकडून किंवा परिचारिकेकडून एकदा उशीवर शिकून घ्या. लेकरांना पोहायचं जॅकेट मिळालं तर घालाच; नातवानं कुरकुर केली, पण अंतराळवीर म्हटल्यावर घातलं.

बाकीचं थोडक्यात. पाण्यात दिसणारा साप बहुतेक दिवड असतो, बिनविषारी. पण काठावरच्या कडब्यात, पालापाचोळ्यात घोणस असू शकते, म्हणून बसण्याआधी जागा काठीनं आपटून घ्या आणि गमबूट वापरा. परतीच्या पावसाच्या दिवसांत पुण्याच्या हवामान संस्थेनं काढलेलं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये असू द्या, ते विजेची सूचना देतं. गडगडलं की आधी काठी खाली, मग झाडापासून लांब. गळ डोळ्याजवळ लागला तर हात लावू नका, तंगूस कापा आणि तसंच दवाखान्यात न्या. बोटात लागला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन टाळू नका. पाणी घरून न्या. पूर्णेचा दोन्ही बाजूंचा पट्टा खारपाणाचा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. खायला मुर्रा-फुटाणे. हात धुतल्याशिवाय कोणाच्या हातात द्यायचे नाहीत, गांडुळाची करवंटी शेजारी असते.

मासे घरी आणण्याचा प्रश्न राहिला, आणि वऱ्हाडात तो नाजूक आहे. अमरावतीच्या वेशीवर, वलगावला, पेढीच्या काठी गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 ला देह ठेवला. देवाच्या नावानं मुकं जनावर कापू नका असं जन्मभर सांगत फिरलेला माणूस. त्यांचं ऐकून माळ घातलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत. आमच्याकडं आजी माळकरी आहे. त्यामुळं आदल्या रात्रीच ठरतं, आणायचे की सगळे सोडायचे. एकादशी, शनिवार बघूनच दिवस काढायचा. आणायचे ठरले तर अंगणात वेगळी चूल, वेगळा तवा, वेगळी सुरी. मरळ, वाम यांचा बुळबुळीतपणा राखेनं चोळला की जातो. हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, ज्वारीच्या पिठात घोळवायचं आणि जवसाच्या चटणीसोबत खायचं. नातीला पहिल्यांदा काटे काढून द्यावे लागले, दुसऱ्यांदा तिनं भावाला काढून दिले. आजी ओट्यावर पाठ करून बसते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, "काटा तर नाही ना लागला लेकराईले?"

तिसरा गळ मी फेकलेला नाही. तो पडवीत खुंटीला असतो. नातवंडांची गाडी पुण्याकडं निघाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन मी एकटा जातो.